नळ उघडे ठेवून निघा: सोलापुरातून बर्फात गाडी न्यायची तयारी

सोलापुरात उणे १८ अंश कुठं मिळतात? माझ्या मेहुण्याच्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये. डिसेंबरात त्याचा एक फ्रीझर रिकामाच असतो. मागच्या हिवाळ्यात त्यात मी तीन वस्तू ठेवल्या: पाणी भरून दोन्ही तोंडांना टोप्या लावलेला सीपीव्हीसीचा (घरातल्या लाइनचं कडक प्लास्टिक) अर्धा इंची एल्बो, तसाच पेक्स या लवचीक प्लास्टिक पाइपचा वीतभर तुकडा आणि पाणी असतानाच बंद केलेला पितळी बॉल व्हॉल्व्ह. मेहुणा म्हणाला, "दाजी, मी आइस्क्रीम विकायचं का तुमचे नळ?" मी म्हटलं, एका रात्रीचा प्रश्न आहे.

सकाळी एल्बो उभा चिरलेला होता. पेक्सचा तुकडा अजगरासारखा फुगलेला होता, पण उन्हात ठेवल्यावर तासाभरात पूर्ववत झाला. बॉल व्हॉल्व्ह मात्र वरून ठणठणीत. मेहुण्याला वाटलं पितळ जिंकलं. मी तो पंपाला जोडला, दाब दिला, आणि दांड्याच्या खालून सुईएवढी बारीक धार उडाली. भिंगातून पाहिलं तर बॉडीवर केसाएवढी चीर.

तीस वर्षं नळजोडणीचं काम करतोय, तरी हे मला आधी ठाऊक नव्हतं. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की मधल्या गोळ्याच्या भोकात आणि भोवती चमचाभर पाणी कोंडून राहतं. पुढची-मागची लाइन कोरडी करा, हा चमचा आतच असतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. फुगायला जागा मिळाली तर ते निमूट बसतं, कोंडलं तर पितळेचंही ऐकत नाही. म्हणून लाइन रिकामी केल्यावर बॉल व्हॉल्व्हचा दांडा ना उघडा ना बंद, अर्ध्यावर तिरका ठेवायचा. या एका गोष्टीसाठी सगळं वाचलंत तरी चालेल.

हा उद्योग का केला ते सांगतो. आमच्याकडे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. सीट काढून तिच्यात पलंग, ओटा, साठ लिटरची टाकी, बारा व्होल्टचा पंप, एक सिंक आणि एक शॉवर बसवलाय. सगळी फिटिंग माझ्या हातची, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही. आपल्या गावातून जाणारा ५२ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबात संगरूरला जातो. एकदा नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं त्याच रस्त्यानं वर गेलो, मनाली ओलांडलं आणि २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये सिस्सूला मुक्काम केला. रात्री मी टाकी रिकामी केली आणि निवांत झोपलो. पंप विसरलो. सकाळी सगळं ठीक वाटलं, कारण जिथं फुटलं तिथं बर्फच बूच होऊन बसला होता. दोन दिवसांनी खाली उतरल्यावर बर्फ वितळला आणि पलंगाखालची ज्वारीच्या पिठाची पिशवी भिजली. बायको अजून त्या पिशवीचा विषय काढते.

आपली अडचण सवयीची आहे. वर्षानुवर्षं चार-चार दिवसांनी नळाला पाणी आलेल्या गावातली माणसं आपण. पाणी दिसलं की कळशी लावायची, बादली भरायची, झाकून ठेवायचं. बर्फात जाताना हा हात आवरावा लागतो. तिथं जे भरून ठेवाल तेच फुटेल.

लाइन रिकामी करणं

हे काम सोलापुरातच एकदा रंगीत तालीम म्हणून करा. उणे दहात हाताची बोटं चालत नाहीत. आधी टाकीचा तळाचा ड्रेन कॉक उघडा. मग सगळे नळ उघडा, गरम आणि गार दोन्ही बाजू, आणि शॉवरचा पाइप काढून खाली लोंबता सोडा. पंप मिनिटभर कोरडा चालू द्या, जास्त नको. त्यानंतर पंपाची दोन्ही टोकं सोडवा आणि पंपाआधीच्या जाळीच्या वाटीचं झाकण उघडा. त्या वाटीत हमखास घोटभर पाणी सापडतं. आमची फुटली ती हीच वाटी.

दुसरा चोर म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी मागं येऊ न देणं हेच त्याचं काम, त्यामुळे तुम्ही खालून ड्रेन उघडला तरी त्याच्या पुढचं पाणी जागेवरच उभं राहतं. त्याला युनियन लावून घ्या, म्हणजे हातानं सुटा करता येईल. नव्यानं फिटिंग करणार असाल तर सगळी लाइन एका बाजूला उतार देऊन खेचा आणि सगळ्यात खालच्या बिंदूला कॉक द्या. घरात आपण पाइप लेव्हलमध्ये आहे म्हणून खूश होतो, इथं लेव्हल म्हणजे घात. आणि गाडीत सीपीव्हीसी वापरू नका, पेक्स वापरा.

शेवटी हवा मारायची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, पण रेग्युलेटर ३० पीएसआयवर आणून. एकेक नळ उघडत जा. आधी पाणी येईल, मग फुरफुर, मग नुसती हवा. नुसती हवा आल्यावरही थांबून पुन्हा एकदा मारा, कारण कोपऱ्यातलं पाणी तोवर खाली गोळा झालेलं असतं.

सिंकखालच्या यू-ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपात, हवेनं काही होत नाही. तो खोलून ओता, किंवा त्यात कपभर फूड ग्रेड प्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, घाला. निम्मं पाणी मिसळलं तरी ते उणे तीसपर्यंत टिकतं. रेडिएटरचा कूलंट मात्र तिथं चुकूनही ओतू नका. तो इथिलीन ग्लायकॉल असतो: विषारी, आणि चवीला गोड. त्यामुळे सांडला तर कुत्री चाटतात.

मग पाणी प्यायचं काय? वीस लिटरचा जार, पाऊणच भरलेला, आत पलंगाशेजारी. आमचा जार रात्री सोलापुरी चादरीत गुंडाळलेला असतो. चादरीवरून आठवलं. ती पांघरायला दुहेरी करून उत्तम, पण खिडकीच्या काचेला लावू नका. रात्रभर आपल्या श्वासाची वाफ काचेवर जमते, सुती कापड ती पितं आणि सकाळी चादर काचेला चिकटलेली असते. काचेला चंदेरी फोमची शीट कापून बसवा आणि वरची खिडकी बोटभर उघडी ठेवा.

इंजिन

गाडी उन्हाळाभर आपल्याकडे चालली असेल तर रेडिएटरवर विश्वास ठेवू नका. एका गॅरेजमध्ये माझ्यासमोर कूलंट म्हणून बोअरचं पाणी ओतलेलं मी पाहिलंय. वरून रंग हिरवाच दिसत होता. निम्मा कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर असेल तर मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. कूलंट एक तृतीयांश झाला की हीच मर्यादा उणे १७-१८ वर येते. जास्त शहाणपणा करून नुसता कूलंट भरला तर तो उणे १३ लाच गोठतो, म्हणजे इथं जास्त घातलं म्हणून जास्त गुण येत नाही. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं पेनाएवढं यंत्र मिळतं, एक थेंब टाकला की आकडा दिसतो. माझा थेंब उणे ९ दाखवत होता. सगळं काढून, दोनदा धुऊन, नव्यानं भरलं.

डिझेलमध्ये मेण असतं, आणि थंडीत त्याचे कण होऊन फिल्टर तुंबतो. मैदानातलं डिझेल टाकीभर घेऊन वर जाऊ नका. टाकी जवळजवळ संपवत आणा आणि डोंगरातल्या पंपावर, तिथले ट्रकवाले भरतात ते भरा. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. घट्ट होऊ न देणारं औषध घालणार असाल तर डिझेल पातळ असतानाच घाला, मेण धरल्यावर उपयोग नाही. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणीही काढा. पुन्हा पाणीच बघा. मेहुण्यानं उत्साहानं डिझेलची बाटली फ्रीझरमध्ये ठेवायला घेतली होती, ती मी हिसकावली. बंद पेटी, डिझेलची वाफ आणि थर्मोस्टॅटची ठिणगी, हे प्रयोग नकोत.

नव्या गाडीला धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची, म्हणजे डीईएफची टाकी असेल तर ते उणे ११ ला गोठतं. काठोकाठ भरू नका, एवढंच.

बॅटरीचं गणित उलटं वाटतं. पूर्ण चार्ज असलेली शिशाची बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेली उणे दहाच्या आसपास गोठून फुटते. तीन-चार वर्षांची झाली असेल तर निघण्याआधीच बदला. घरातल्या वापरासाठी लिथियमची बसवली असेल तर शून्याच्या खाली तिला चार्ज करू नका, आतून कायमची खराब होते. ती पलंगाखाली, उबेत ठेवा. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात चालत असेल तर ५डब्ल्यूचं, म्हणजे थंडीत पातळ राहणारं, घाला. २०डब्ल्यू-५० थंडीत काकवीसारखं होतं.

टायरची हवा सोलापुरात ३० अंशांत मोजून उणे दहात गेलात तर ३५ पीएसआयच्या टायरमध्ये साधारण सात पीएसआय कमी होते, जास्त दाबाच्या टायरमध्ये त्याहून जास्त. पण उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब कमी असल्यानं गेज थोडं जास्त दाखवतो, त्यामुळे इथं हिशेब करत बसू नका. स्वतःचा गेज न्या, आणि सकाळी गाडी हलवण्याआधी तिथंच मोजा. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओली केबल किंवा लायनर गोठून जागीच धरते. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. काचेवर गरम पाणी ओतणाऱ्याला काच बदलायचे पैसे जवळ हवेत.

ऊब

इथं मी कडक बोलणार आहे. बंद गाडीत शेगडी, अंगीठी, गॅसची चूल पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक खिडकी उघडून करा, आणि छताजवळ सीओचा, म्हणजे याच वायूचा, अलार्म लावा. छोट्या डब्यातला ब्युटेन गॅस शून्याजवळ वाफ होणंच थांबवतो, डबा भरलेला असूनही चूल पेटत नाही. आम्ही पहिल्या संध्याकाळी हेच भोगलं. तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं तारलं. या दोन्हींत गोठण्यासारखं काही नाही.

घर आणि होडी

माझी भाची मनालीजवळ राहते. तिला फोनवर सांगितलं तेच इथं सांगतो. घर बंद करून येणार असाल तर मुख्य कॉक बंद करा, मग वरून खाली या: छतावरची टाकी, सोलर, गीझर, शेवटी तळमजल्याचे नळ. गीझर रिकामा करण्याआधी त्याचा स्विच बंद आणि एमसीबी खाली, नाहीतर कोरडी कॉइल जळते. फ्लशची टाकीही रिकामी. सोलर पत्र्याचा, म्हणजे तांब्याच्या नळ्यांचा असेल तर जास्त जपा. निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता फेकत राहतो, आणि हवा दोन-तीन अंशांवर असतानाही आतलं पाणी गोठू शकतं. घरात राहणार असाल तर रात्री सगळ्यात लांबचा नळ बारीक धारेनं चालू ठेवा. गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायर नळाच्या टोकाकडून मागं न्या. ब्लो टॉर्च नको.

होडीचं मला फार कळत नाही, उजनीत ती कधी गोठत नाही. पण आउटबोर्ड इंजिन दुरुस्त करताना शिकलो ते एवढं: पाण्यातून काढल्यावर ते उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी आपोआप गळतं. आडवं ठेवलं तर अडकतं. खालच्या गिअरचं ऑइल दुधासारखं निघालं तर सील गेलंय, पाणी आत आहे.

परत येताना

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. मैदानात उतरलो, हायसं वाटलं, टाकी भरली. तसं करू नका. आधी सगळे कॉक बंद करा, व्हॉल्व्ह तिरके होते ते सरळ करा, टाकीत पाचच लिटर घाला. पंप चालू करा, नळ बंद ठेवा आणि इंजिन बंद करून ऐका. पंप दाब धरून गप्प बसला पाहिजे. दर मिनिटाला आपोआप टरटरत असेल तर कुठंतरी गळतंय. यंदा आम्ही हे जयपूरच्या अलीकडे एका ढाब्यामागं केलं. मी कान लावून बसलो होतो, बायको आधीच पलंगाखालची पिठाची पिशवी काढून पुढच्या सीटवर घेऊन बसली होती. पंप गप्प राहिला. तरी तिनं ती पिशवी बीड येईपर्यंत मांडीवरच ठेवली.