माळ्यावर जुनं फिल्मचं रीळ सापडलं तर

शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांच्यावर आहे. तो पाहून माळ्यावरचे डबे खाली काढलेत, तर प्रोजेक्टरला इतक्यात हात लावू नका.

डबा हवेशीर जागी उघडा. १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लास्टिकची असू शकते. ती चिकट झाली असेल किंवा तपकिरी भुकटी दिसली, तर डबा बंद करून जाणकाराला बोलवा. पेटलेलं नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, त्यामुळे पाण्यालाही दाद देत नाही. १६ मिमीत ही भीती सहसा नसते.

व्हिनेगरचा वास म्हणजे ॲसिटेट (नायट्रेटऐवजी वापरलेलं फिल्मचं प्लास्टिक) कुजतंय. किती, ते नाकाने कळत नाही (आणि हुंगत बसूही नये). एडी स्ट्रिप (आम्लामुळे रंग बदलणारी कागदी पट्टी) डब्यात ठेवून झाकण लावा, किमान २४ तास थांबा. निळी राहिली तर ठीक, निळसर हिरवी झाली तर सुरुवात, पिवळी म्हणजे बराच उशीर. सुटलेलं आम्लच कुजणं वाढवतं, म्हणून असं रीळ इतरांपासून वेगळं ठेवा. गंजका डबा टाकून द्या, पण त्यावरचं लेबल जपा.

आता आक्रसणं मोजा. ३५ मिमी प्रिंटवर पहिल्या छिद्राच्या कडेपासून १०१व्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत ४७५ मिमी भरायला हवं. ४७० भरलं तर फिल्म एक टक्का आक्रसली आहे. प्रोजेक्टरच्या दातेरी चाकावर छिद्रं फाटतील. अशी फिल्म थेट स्कॅनिंगलाच द्या.