दातावरचा पांढरा डाग घासून जात नाही: या चुका टाळा

"डॉक्टर, घासून घासून हात दुखला, पण डाग काय हलंना की वो." सांगलीत दवाखाना टाकल्यापासून हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. हलणार कसा? चहाचा, तंबाखूचा डाग दाताच्या वर बसलेला असतो, तो सफाईत निघतो. खडूसारखा पांढरा किंवा पिवळट-तपकिरी ठिपका मात्र एनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थराच्या, आत मुरलेला असतो. तो घासून काढायचा म्हणजे शर्टाच्या कापडातली नक्षी ब्रशने काढायला बसण्यासारखं आहे. आधी कापड फाटेल.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो लिंबू-सोड्यावर. कवठेमहांकाळकडचा एक पोरगा आला होता, पंचविशीतला. पुढच्या दोन दातांवर लहानपणापासून पांढरे ढग, आणि घरात मुली बघायचं चाललेलं. मोबाइलवर बघून त्याने लिंबाच्या फोडीवर खायचा सोडा टाकून रोज पाच मिनिटं दात घासले. असं दीड महिना. माझ्याकडे आला तो डागासाठी नाही, कळ लागते म्हणून. गार पाण्याचा घोट घेतला की डोळे मिटायचा. दात वाळवून बघितले तर ढग जागच्या जागी, आजूबाजूची चकाकी मात्र गेलेली आणि हिरडीजवळ आतलं पिवळं डेंटिन डोकावत होतं. पिवळ्यावर पांढरा म्हटल्यावर डाग आणखीच उठून दिसायला लागला.

एनॅमल सुमारे ९६ टक्के खनिज असतं, जाड असेल तिथं जेमतेम अडीच मिलिमीटर. तोंडातला पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. लिंबाचा रस असतो दोन-अडीचच्या आसपास. सोडा आम्ल मारतो म्हणे. फस्स करून मारतो थोडंफार, पण फोड पिळत राहिलं की उरलेलं आम्ल आपलं काम करतंच, आणि वरून ब्रशचा जोर. झिजलेलं एनॅमल शरीर परत बनवत नाही. त्या पोराची कळ थांबवण्यातच दोन महिने गेले. लग्न मधेच ठरलं. मुलीकडच्यांनी दात बघितलेसुद्धा नव्हते.

दुसरी चूक म्हणजे डाग कसला आहे हे न बघताच इलाज सुरू करणं. मी पेशंटला आधी खिडकीशी उभं करतो. दात कोरड्या कापसाने पुसायचा, अर्धा मिनिट ओठ वर धरायचा आणि बघायचं. ओला असताना जवळजवळ न दिसणारा डाग वाळल्यावर पांढराफटक झाला, तर तो बहुधा वरवरचा. ओल्यातही ठळक दिसला तर खोल. कारण साधं आहे: डागात बारीक छिद्रं असतात, त्यात पाणी असेपर्यंत उजेड बराचसा पार जातो, हवा भरली की विखुरतो. म्हणून तोंड उघडं टाकून झोपणाऱ्यांना सकाळी आरशात डाग दुप्पट दिसतो आणि चहा पिईपर्यंत निम्मा होतो. त्या निम्म्याचं श्रेय लोक आदल्या रात्रीच्या पेस्टला देतात! मी पहिल्या दिवशी त्याच खिडकीत ओल्या दातांचा फोटो काढून ठेवतो. तीन महिन्यांनी तुलना त्या फोटोशी करायची, आठवणीशी नाही.

उजव्या-डाव्या जोडीच्या दातांवर सारखेच आडवे पट्टे किंवा ढग असतील तर फ्लोरोसिसचा संशय, म्हणजे लहानपणी पोटात जास्त फ्लोराइड गेल्याचा. इथं लगेच घरच्या बोअरला शिव्या पडतात. पण हा डाग दात हिरडीत घडत असताना पडतो, साधारण आठ वर्षांच्या आत. विशीत नवीन बोअर मारली म्हणून दातावर ढग येत नाहीत. घरात लहान मूल असेल तर मात्र पाणी तपासून घ्याच. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आणि उकळू नका. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं दाट होतं.

दात सरळ करायच्या तारा काढल्यावर ब्रॅकेटभोवती (तारेसाठी दातावर चिकटवलेल्या बारक्या चौकटीभोवती) दिसणारे पांढरे चौकोन तारेने पडत नाहीत. तासगावच्या एका पोरीच्या खिशात कायम बेदाणे. चिकट गोड ब्रॅकेटला धरून बसायचं, आणि ब्रश फक्त सकाळी. आई म्हणाली, तारेने वाटोळं केलं. असे ताजे डाग मात्र सुधारू शकतात. १००० पीपीएम फ्लोराइडची साधी पेस्ट, दोन वेळा, नंतर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ नाही. गरजेप्रमाणे दवाखान्यात दातावर फ्लोराइडच्या वार्निशचा लेप. तीन ते सहा महिने थांबायचं. पण थांबायला सांगितलं की पेशंट दुसरा दवाखाना शोधतो.

घाई मीही केली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला अशा डागांवर थेट ब्लीचिंग केलं. दात उजळले आणि डागही उजळले. दोन आठवडे त्या बाईंच्या नजरेला नजर देता आली नाही. नंतर रंग बराच मिळून आला, पण हे आधी सांगायला हवं होतं. आता आधी थांबतो, मग मायक्रोअ‍ॅब्रेजन (वरचा अगदी पातळ थर दवाखान्यात काढणं) किंवा छिद्रांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा द्रव) मुरवणं, आणि व्हिनिअर, म्हणजे दात तासून वर बसवायचं पातळ कवच, अगदी शेवटी. अठराव्या वर्षी चांगले सहा दात तासून घ्यायला येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

बाकीचं थोडक्यात. मिश्री लावत असाल तर सफाईचे पैसे वाया घालवू नका, आधी मिश्री सोडा. क्लोरहेक्सिडिनची गुळणी सांगितलेल्या दिवसांपुढे चालू ठेवली तर दात तपकिरी होतात. लहान मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. सफाईने दात हलतात हे मला सांगू नका. किटणाने धरून ठेवलेला दात आधीच हललेला असतो.

तपकिरी डागाला जीभ अडकत असेल तर ती कीड समजून दाखवायला या. आणि पडल्यावर एकच दात राखाडी झाला असेल तर वरचं सगळं सोडा, त्या दाताचा एक्स-रे काढा.