मुलांकडून संकासुराचा प्रवेश कसा बसवावा

कोकण-गोव्यातल्या दशावतार या लोकनाट्यात मुख्य आख्यानाआधी आडदशावतार हा पूर्वरंग होतो. गणपती आणि सरस्वती येऊन जातात, मग संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद चोरून तो समुद्रात लपतो आणि विष्णू मत्स्यरूप घेऊन त्याचा वध करतो. 8 ते 12 वर्षांच्या मुलांना हाच प्रवेश द्यावा, कारण गोष्ट छोटी आहे, पात्रं ठळक आहेत आणि झुंज हमखास आहे. 10 मुलं, 6 रविवार आणि दर वेळी तासभर एवढ्यात 12 मिनिटांचा प्रयोग उभा राहतो.

आधी मुलांना गोव्यातल्या पेडण्याकडच्या एखाद्या जत्रेत दशावतार दाखवा. हल्ली अनेक मंडळ्या आडदशावतार आटोपता घेतात, म्हणून तो होणार आहे का, हे आधी विचारून ठेवा.

पहिल्या रविवारी फक्त ताल. केरवा या तालाच्या 8 मात्रा टाळीवर मोजायच्या, पहिल्या मात्रेला उजवा पाय आणि पाचवीला डावा. ज्याचा पाय चुकतो त्याला झांज द्या. हाताला ताल कळला की पायही मागोमाग येतो. नमन, म्हणजे सुरुवातीचं स्तवन, सगळ्यांनी मिळून म्हणावं. पेटीची पट्टी काळी चारच्या, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, आसपास धरा. पुरुष गायकाच्या खालच्या पट्टीत मुलांचा आवाज बसत नाही, मग ती गायची सोडून पुटपुटतात.

दुसऱ्या रविवारपासून संवाद. इथे एकच आग्रह आहे: संहिता लिहून देऊ नका. दशावतारी नट कथानक ठरवून घेतो आणि रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतो. पाठांतर करून घेतलं तर या कलेचा प्राणच जातो, शिवाय एक वाक्य विसरलं की मूल जागीच गोठतं. प्रत्येक पात्राला 3 टप्पे सांगा. संकासुराचे असे: मी कोण, मला वेद कशाला हवेत, आता मी कुठे लपणार. मधलं बोलणं त्याचं त्याने शोधायचं. विष्णूला भारदस्त मराठी द्या आणि संकासुराला मुलाची घरची बोली, मग ती पेडण्याची असो की फोंड्याची. खरी रंगत तिथेच येते. सगळे एकदम बोलू लागले तर पखवाजाची थाप ठरवून घ्या: थाप पडली की बोलणारा बदलतो. बोलणं चालू असताना मात्र पखवाज बंद, नाहीतर मागच्या रांगेपर्यंत शब्द पोचत नाही.

चौथ्या रविवारी झुंज. पुठ्ठ्याच्या तलवारी आणि दोघांमध्ये दोन हातांचं अंतर. वार फक्त पहिल्या मात्रेवर आणि सुरुवातीला निम्म्या लयीत. संकासुराच्या चेहरा झाकणाऱ्या काळ्या टोपड्यामुळे दिसतं कमी आणि ऐकूही कमी येतं, त्यामुळे तो घाईने पुढे सरकतो. टोपडं शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका, चौथ्या रविवारीच घाला. डोळ्यांची भोकं मुलाच्या चेहऱ्यावर मापून, अंदाजापेक्षा मोठी कापा.

पाचव्या आणि सहाव्या रविवारी सलग तालीम घ्या आणि दर वेळी पात्रं बदला. बाकाशिवाय नेपथ्य लागत नाही, पण तो डुगडुगता नसावा, मुलं त्यावर उभी राहतात.

रंग लावण्याआधी चेहऱ्याला खोबरेल तेल चोळा. शिमग्याचे रंग वापरू नका. चेहऱ्याला लावायचे रंगही आदल्या दिवशी कानामागे लावून पाहा. उतरवताना आधी तेलाचा बोळा फिरवा, साबण नंतर.