नव्या रायफलीत काडतूस फुसकं जात होतं, माझा अनुभव

वावरात रानडुकरं लय, म्हणून पीक संरक्षणाच्या लायसनवर ३१५ बोर घेतली, १९७२ च्या कायद्यानं शिकार तं बंदच हाये. पहिल्या ५ काडतुसांत २ फुसकी, नुसता खट्ट आवाज. नळी मातीच्या बांधाकडंच धरून ३० सेकंद थांबलो, मंगच बोल्ट, म्हंजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उघडला. अशावेळी घाई बिलकुल करू नका भाऊ, काडतुसाच्या बुडाची टोपी, जिच्यानं बारूद पेटते, उशिरा पेटू शकते!

मले वाटलं काडतुसं ओली, पण पितळ चकचकीत होतं, टोपीवर ठोकणाऱ्या पिनचा ठसा मातर एकदम हलका. लायसनवाल्या मिस्त्रीनं बोल्ट खोलला तं आत कंपनीचं ग्रीस, पौषाच्या थंडीनं मेणासारखं घट्ट, म्हणून पिन जोरात बसतच नव्हती. रॉकेलनं धुतलं, तेलाचा नुसता हात फिरवला. त्याच डब्यातली बाकीची बरोबर चालली, फुसकी २ दुकानात जमा केली.