हवेतल्या लेझर ठिणगीची शॉकवेव्ह मोजताना

लेझरचा किरण एका बिंदूवर एकवटला की हवेत ठिणगी पडते आणि तिच्याभोवती शॉकवेव्ह, म्हणजे दाबाची वेगवान लहर, पसरते. ती किती वेळात किती अंतर कापते ते मोजायचं आहे. लागणारं सामान: क्यू-स्विच्ड (साठलेली ऊर्जा एका क्षणात सोडणारा) एनडी-याग लेझर (१०६४ नॅनोमीटर, ८ नॅनोसेकंद, पल्समागे ५० मिलिजूल), १०० मिलिमीटर फोकल लांबीची प्लॅनो-कन्व्हेक्स (एक बाजू सपाट, एक फुगीर) लेन्स, छोटा हीलियम-निऑन लेझर, वेगवान फोटोडायोड आणि १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप. केबल, बीएनसी जोड, ५० ओहमचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे रोध) मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला मिळतात. चष्म्यात मात्र काटकसर नको: १०६४ नॅनोमीटरसाठी ओडी ६ चा (प्रकाश दहा लाखपट कमी करणारा), प्रमाणित. हा किरण दिसत नाही आणि एकच पल्स दृष्टिपटल जाळते. हातातलं घड्याळ, अंगठ्या काढून ठेवा. सगळी ऊर्जा ठिणगीत मुरत नाही, म्हणून फोकसच्या मागे उरलेला किरण शोषणारा बीम डंप हवाच.

लेन्सची फुगीर बाजू लेझरकडे ठेवा. सपाट बाजूवरून परतलेला प्रकाश लेन्सच्या साधारण ५० मिलिमीटर अलीकडे एकवटतो. तिथे आरसा असेल तर त्याचं कोटिंग उडतं. ६ मिलिमीटरचा बीम असेल तर फोकसचा ठिपका ४०-५० मायक्रॉनचा होतो आणि तीव्रता १०¹¹ वॅट प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. एवढ्यात हवा फुटते, म्हणजे तिचा प्लाझ्मा होऊन ठिणगी पडते. ऊर्जा हळूहळू वाढवत उंबरठा शोधा, मग त्याच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. उंबरठ्यावरच काम केलं तर एक शॉट लागतो, पुढचा हुकतो.

आता मोजणी. हीलियम-निऑनचा किरण दुसऱ्या १०० मिलिमीटर लेन्सने बारीक करून ठिणगीच्या बाजूने, मुख्य किरणाला काटकोनात न्या. बारीक न करता ०.८ मिलिमीटरचाच वापरला, तर लहर तो ओलांडायला मायक्रोसेकंदाहून जास्त घेते आणि सिग्नल पसरट होतो. फोटोडायोडपुढे ६३३ नॅनोमीटरचा (हीलियम-निऑनचाच रंग सोडणारा) फिल्टर लावा आणि दाढीच्या ब्लेडने अर्धा किरण कापा. लहर आली की किरण वाकतो आणि सिग्नल झटकन खाली किंवा वर जातो. फिल्टरमधून निसटलेली ठिणगीची चमक त्याआधी दिसते. तोच क्षण शून्य वेळ धरा. लेझरच्या आतल्या फ्लॅशलॅम्पच्या सिंक सिग्नलवर ऑसिलोस्कोप ट्रिगर केलात तर सुमारे २०० मायक्रोसेकंद आधीच मोजायला लागाल.

सिग्नल सुस्त दिसला तर आधी टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या टोकाचा रोध, बघा. १ मेगाओहमवर १०० पिकोफॅरडची केबल म्हणजे १०० मायक्रोसेकंदांचा आळस. ५० ओहमवर तीच केबल ५ नॅनोसेकंदांत मोकळी होते.

हीलियम-निऑनचा संच मायक्रोमीटरवर बसवून १ ते १० मिलिमीटर अंतर, अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने घ्या, दर सेकंदाला एकच शॉट. मुख्य किरणाची ऊर्जा ठिणगीच्या अलीकडे आणि पलीकडे मोजून फरक काढा. २० मिलिजूल शोषले गेले असं धरू. स्फोटाच्या लहरीचं सेडोव्ह-टेलर सूत्र R = १.०३ (E/ρ)^(१/५) t^(२/५) (R त्रिज्या, E शोषलेली ऊर्जा, ρ हवेची घनता, t वेळ) सांगतं की १ मायक्रोसेकंदाला त्रिज्या सुमारे १.८ मिलिमीटर, वेग ७३० मीटर प्रति सेकंद. लॉग-लॉग आलेखावर उतार ०.४ यायला हवा, पण फक्त सुरुवातीच्या बिंदूंना. साडेतीन मायक्रोसेकंदांनंतर सूत्राचा वेग ध्वनीच्याही खाली जातो, जे शॉकला शक्यच नाही. प्रत्यक्षात उतार वाढत १ कडे सरकतो. सगळ्या बिंदूंतून एकच रेष ओढून काढलेली ऊर्जा टाकाऊ. पहिल्या मायक्रोसेकंदाचं नेमकं चित्र हवं असेल, तर शॅडोग्राफीसारखी, लहरीच्या सावलीचं छायाचित्र घेणारी पद्धत लागते.

मुंबईत दोन गोष्टी छळतात. दमट हवेची घनता १.१५ किलो प्रति घनमीटर, कोरडीची १.१६, पाचव्या मुळात हा फरक विरून जातो, त्यामुळे आर्द्रता सूत्राला नडत नाही. नडते ती लेझरला. जुलैत बाहेरचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. लेझर थंड ठेवणारा चिलर २० अंशांवर आणि एसी बंद असला, की लेझरच्या आतल्या काचांवर दव जमतं आणि कोटिंग जळतं. खोली कोरडी झाल्यावरच चिलर चालू करा. दुसरी धूळ: कण वाटेत आला की ठिणगी फोकसच्या अलीकडेच पडते, कधी दोन-दोन ठिकाणी. पडद्यावर अवेळी आलेला सिग्नल बहुधा याचाच असतो. तो शॉट सरासरीतून वगळा.