शोधनिबंधाचा आराखडा चिठ्ठ्यांवर

टिपणांनी वही भरते, पण निबंध सुरू कुठून करायचा तेच सुचत नाही. अशा वेळी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करा.

१. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. खाली पुस्तक आणि पान क्रमांक. विषय १९७२चा दुष्काळ असेल तर ‘कामावर मिळणारी सुकडी’ (दुष्काळी कामांवरच्या मजुरांना दिलं जाणारं पौष्टिक खाणं) ही एक चिठ्ठी, ‘रोजगार हमी कायदा, १९७७’ ही दुसरी.

२. पंखा बंद करून सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा, जुळणाऱ्यांचे गठ्ठे करा.

३. प्रत्येक गठ्ठ्यावर पूर्ण वाक्य लिहा. नुसतं ‘परिणाम’ नको. ‘दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीला बळ मिळालं’ असं. वाक्यं क्रमानं लावली की आराखडा तयार. गठ्ठ्यात एकच चिठ्ठी असेल तर तिथे वाचन कमी पडलंय.

पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलंत तर अवतरणचिन्ह तिथल्या तिथे घाला. महिन्याभरानं ते आपलंच वाटायला लागतं.