फ्लॅटमध्ये एसीचं आउटडोअर युनिट कुठे आणि कसं बसवावं

आउटडोअरची जागा बहुतेक घरांत पाइप ठरवतो. एसीसोबत साधारण 3 मीटर कॉपर पाइप येतो. तो जिथवर पुरेल तिथे मशीन टांगलं जातं आणि मे महिन्यातल्या दुपारी एसी नुसती हवा फेकू लागतो. म्हणून जागा आधी ठरवा, पाइप नंतर मोजा. वाढीव पाइपचा खर्च एकदाच होतो.

आउटडोअर मागच्या जाळीतून आणि एका बाजूने (समोरून पाहिलं तर सहसा डावीकडून) हवा ओढतं आणि पुढच्या पंख्यातून गरम हवा बाहेर टाकतं. तीच हवा वळून पुन्हा मागे गेली की कॉइल (गॅसच्या नळ्यांचं वेटोळं) थंड होत नाही, गॅसचं प्रेशर चढतं, विजेचं बिल वाढतं आणि शेवटी कॉम्प्रेसर ट्रिप होतो. अशा वेळी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरून घेणारे बरेच. त्याने प्रेशर आणखी चढतं.

1. टेप घेऊन जागा मोजा. दीड टनाच्या मशीनला मागे 15 सेंमी, डावीकडे 30, वर 60, उजवीकडे 60 आणि पुढे किमान 1 मीटर मोकळं हवं. मॅन्युअलमध्ये याहून जास्त दिलं असेल तर मॅन्युअल प्रमाण. मागे 10 सेंमी राहिले तर एकवेळ निभावतं, पुढे भिंत असेल तर नाही.

उजवीकडचे 60 सेंमी मेकॅनिकसाठी. सर्व्हिस व्हॉल्व आणि वायरिंग बहुधा त्याच बाजूला असतं. तिथे पाना फिरला नाही तर पाइप जोडणारा फ्लेअर नट नीट आवळला जात नाही, गॅस गळतो आणि गळती काढायला अख्खं मशीन उतरवावं लागतं.

2. माणूस कुठून पोचेल ते पाहा. खिडकीतून किंवा बाल्कनीतून हात पोचायला हवा. दोरीला लटकूनच पोचता येईल अशी जागा घेऊ नका. तिथे सर्व्हिसिंग टाळलं जातं आणि कुणाचा तरी जीव टांगणीला लागतो. खिडकीच्या बॉक्स ग्रिलवर तर मशीन ठेवूच नका. 25 ते 40 किलो वजन आणि रोजचा हादरा सोसायला ते ग्रिल बनवलेलं नसतं.

उंच इमारतीच्या डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर असतील तर खालच्यांची गरम हवा वरच्यांना मिळते; वरचे मजले आधी रडतात. दोन पंखे समोरासमोर येऊ देऊ नका. सोसायटीने दर्शनी बाजूला लूव्हर (हवा जाऊ देणाऱ्या तिरक्या पट्ट्या) लावले असतील तर पंखा त्यांना अगदी भिडवून ठेवा. मध्ये फट राहिली की हवा आतल्या आतच फिरते. पट्ट्या दाट असतील तर तेवढ्या भागातल्या काढायला परवानगी मागा. ड्राय बाल्कनीला स्लायडिंग बसवलं असेल तर एसी चालू असताना ते उघडं हवं. हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्यामुळे ती जागा टाळलेलीच बरी.

सावली चांगली, पण पत्रा 60 सेंमी वर हवा. पावसासाठी प्लास्टिकचं कव्हर लागत नाही. मशीन पावसात चालण्यासाठीच बनवलेलं असतं. कोकणात खरा शत्रू खारी हवा. तिथे गॅल्व्हनाइज्ड स्टँड घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी, वीज बंद करून, कॉइल साध्या पाण्याने धुवा.

3. बसवताना समोर उभे राहा. नव्या इमारतींच्या हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा अँकर फास्टनर धरत नाही. आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत चिकटवलेला बोल्ट) लागतो. काँक्रीटचा बीम मिळाला तर उत्तम. चारही पायांखाली रबर पॅड, चारही बोल्ट, आणि लेव्हल तपासलेली. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं, नाहीतर पावसाचं पाणी घरात येतं. पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा वाढला तर जादा गॅस मॅन्युअलप्रमाणे वजनकाट्यावर मोजून भरावा, अंदाजाने नाही. पाइपमधली हवा आणि ओल काढणारा व्हॅक्युम पंप न आणणाऱ्याला परत पाठवा.

4. दुपारी तपासा. एसी अर्धा तास चालवा. साधा थर्मामीटर आधी मोकळ्या सावलीत आणि मग आउटडोअरच्या मागच्या जाळीजवळ धरा, जाळीच्या आत घालू नका. जाळीजवळ तीन-चार अंश जास्त दिसले तर गरम हवा परत फिरते आहे. मशीन थोडं पुढे ओढा किंवा पंख्याचं तोंड मोकळ्या बाजूला वळवा, आणि पुन्हा मोजा.